आगबोटीची वाट

गेल्या दिवाळींत जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही फराळास गेलों होतों. लोखंडी सळयांच्या कारखान्यांत उभें आयुष्य घालविलेले हे गृहस्थ नुकतेच सहकुटुंब नॉर्वेची जलयात्रा करून परतले होते. उंच कड्यांमधून गेलेले निळे फ्योर्ड, कड्यांवरून थेट समुद्रांत उडी घेणारे धबधबे, पाण्याच्या कांठीं मांडून ठेवल्यासारखीं तांबडीं-पिवळीं घरें, अशीं चित्रें एकामागून एक पाहतां पाहतां ते म्हणाले, "समुद्र द्यावा तर देवानें असा द्यावा. आपल्याकडे काय आहे?" त्यांच्या मातोश्री मूळच्या मालवणच्या, वयानें ऐंशीच्या पुढच्या. त्या कोपऱ्यांतून हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे पण बोट होती रे, बाबा." ती कशी होती असें नातवानें विचारतांच त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "लागायची."

या एका शब्दावर सर्वजण हंसले आणि विषय तेथेंच राहिला. आमच्या मनांतून मात्र तो गेला नाहीं. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या जालन्यास निजामाच्या राज्यांतील मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गानें १९०० च्या सुमारास आगगाडी आणून दिली. कोंकणचा लोहमार्ग सबंध खुला झाला तो १९९८ च्या २६ जानेवारीस. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यांतील माणूस गाडींत बसून मुंबई गांठूं लागला, त्यानंतरही दीर्घकाळ रत्नागिरी-मालवणच्या माणसास आगबोट हीच मुंबईची मोठी वाट होती. ही वाट सृष्टिसौंदर्यानें नॉर्वेच्या वाटेहून फारशी उणी नव्हती. मग एका किनाऱ्यावरील बोट जगाच्या कौतुकाचा विषय व्हावी, आणि दुसऱ्या किनाऱ्यावरील बोटीची "लागायची" एवढीच आठवण उरावी, हें कां झालें? या प्रश्नाचें उत्तर निसर्गांत नसून इतिहासांत आहे, असा आमचा पक्ष आहे.

प्रथम निसर्गाचें देणें काय तें पाहूं. फ्योर्ड म्हणजे हिमनदीनें कोरलेली दरी. हिमयुगांत बर्फाचे प्रचंड ओघ डोंगर खरवडीत समुद्राकडे सरकले. पुढें बर्फ वितळलें व त्या खोल दऱ्यांत समुद्र शिरला. नॉर्वेंतील सर्वांत लांब सोग्ने फ्योर्ड सुमारें २०० किलोमीटर आंत गेलेला असून त्याची खोली १३०० मीटरांहून अधिक आहे. आमचें १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर त्यांत उभें केलें, तर केवळ माथ्याचा भाग पाण्यावर दिसेल. कोंकणांत हिमनद्या कधींच नव्हत्या. तेथें सह्याद्रीवरून धांवत सुटलेल्या लहान लहान नद्यांनीं आपापल्या दऱ्या कोरल्या. परंतु हिमयुग सरल्यावर जगभर समुद्राची पातळी चढली, तेव्हां तो या दऱ्यांच्या मुखांतही आंत शिरला. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली यांच्या खाड्या याच रीतीनें घडल्या. वाशिष्ठीची भरती दाभोळपासून आंत थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत पोंचते. तिच्या दोन्ही तीरांस जांभ्याचे तांबडे सडे, उतारावर नारळी-पोफळी आणि मागें सह्याद्रीची निळी भिंत. फ्योर्डाचें भव्यत्व येथें नाहीं हें खरें; तथापि डोंगराच्या कुशींत शिरलेला समुद्र पाहण्याचा आनंद दोन्हीकडे एकाच जातीचा आहे, आणि समुद्रास आंत आणणारें कारणही एकच.

या किनाऱ्यावर शिडांची गलबतें फार पूर्वींपासून होतीं. दाभोळ हें तर बहामनी राज्याचें नामांकित बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनानी आल्मेदा यानें तें जाळलें. राजापुरास इंग्रजांची वखार होती, ती शिवाजी महाराजांनीं १६६१ सालीं लुटली. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. वाफेचें युग आलें तें मुंबईहून. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या मार्चांत सुवेझकडे निघाली, आणि वाऱ्याची मर्जी न सांभाळतां समुद्र ओलांडतां येतो हें या बाजूस प्रत्यक्ष दिसलें. पुढें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत शेफर्ड कंपनीच्या बोटी कोंकणच्या बंदरांत नेमानें दिसूं लागल्या, आणि त्यांच्यामागून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचें नांव किनाऱ्यावर घरोघर झालें.

त्या वाटेचें वर्णन करावें तेवढें थोडेंच. मुंबई सुटली म्हणजे प्रथम खांदेरी-उंदेरीचीं बेटें लागत. मग जंजिऱ्याचा सिद्दीचा अजिंक्य तट, सावित्रीच्या मुखावरील बाणकोट, हर्णैसमोर पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशीं जयगड, आणि मग रत्नागिरी. रत्नागिरीच्या पुढें पूर्णगड, जैतापूर, आंग्र्यांच्या आरमाराची राजधानीच म्हणावी असा विजयदुर्ग, देवगड. आणि मालवणास १६६४ सालीं महाराजांनीं पाया घातलेला सिंधुदुर्ग. शेवटीं वेंगुर्लें, आणि त्यापलीकडे गोमांतकांतील पणजी. मुंबईपासून पणजीपर्यंत एक दिवस व एक रात्र एवढ्या वेळांत मराठ्यांच्या आरमाराचा सारा इतिहास डाव्या हातास उलगडत जाई. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेले. नॉर्वेच्या गेइरांगर व नेरॉय या दोन फ्योर्डांस तोच मान २००५ सालीं मिळाला होता. जगानें दोन्ही किनारे एकाच यादींत बसविले आहेत, एवढें आमच्या स्नेह्यांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु बोटीवरील उतारू हे दुर्ग पाहण्यास निघालेले नसत. १९११ च्या खानेसुमारीच्या काळीं मुंबईच्या गिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. आणि त्या वेळीं आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही रत्नागिरींतच मोडत असे. खडकाळ जमीन, लहान तुकडे, वर्षांतून एक भाताचें पीक. त्यावर घर चालत नसे. घरचा कर्ता मुलगा मुंबईस गिरणींत, गोदींत किंवा कोणाच्या घरीं कामास जाई, आणि महिन्याकांठीं त्याची मनिऑर्डर गांवीं येई. हा मनुष्य, त्याची मनिऑर्डर आणि त्याचें पत्र, तिन्ही बोटीनेंच येत-जात. शिमग्यास व गणपतीस तो घरीं येई तोही बोटीनेंच. म्हणून कोंकणी माणसाच्या बोलण्यांत 'बोट' हा शब्द वाहनाचा वाचक उरला नव्हता. 'बोट आली' याचा अर्थ आपलें माणूस आलें, असा होई.

त्या प्रवासाचे हाल मात्र लपवूं नयेत. तिसऱ्या वर्गाचा उतारू उघड्या डेकवर वळकटी पसरून बसे. शेजारीं ट्रंका, करंड्या, कोंबड्या, वर यंत्राचा धूर आणि खालीं तेलाचा वास. समुद्र जरा उसळला कीं लिंबू हुंगत, डोकें धरून पडावें लागे. बहुतेक बंदरांत बोटीस धक्का नव्हता. ती दूर पाण्यांत उभी राहून भोंगा देई. मग किनाऱ्यावरून पडाव वल्हवीत येत, आणि लाट पडावास वर उचलील तो क्षण साधून शिडीवरून त्यांत उतरावें लागे. एका हातानें दोर आणि दुसऱ्यानें तान्हें मूल धरलेल्या बायकांनीं हें वर्षानुवर्षें केलें. पडाव वाळूस लागण्यापूर्वींच थांबे, आणि शेवटचा गुडघाभर पाण्याचा पल्ला खलाशाच्या खांद्यावर बसून पार पडे. पावसाळ्यांत तर हा बाहेरच्या समुद्रांतील मार्ग बंदच राही. ज्येष्ठांत शेवटची बोट गेली म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होईपर्यंत मुंबईतल्या मुलाचें तोंड आईच्या दृष्टीस पडत नसे. ब्रह्मदेशचा राजा थिबा यास पदच्युत केल्यावर इंग्रजांनीं १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेवलें आणि १९१६ सालीं तो तेथेंच वारला. मागें डोंगर आणि पुढें समुद्र असलेलें, आगगाडी नसलेलें तें गांव राजबंद्यास ठेवण्यास सोयीचें होतें, हें उघड आहे. ज्या एकान्ताचें आज पर्यटक कौतुक करतात, तोच एकान्त त्या काळीं बंदिवासाच्या उपयोगीं पडला.

या वाटेस स्वदेशीचाही एक अध्याय आहे. १९०६ सालीं, ज्या वर्षीं दक्षिणेंत तुतिकोरीनला चिदंबरम् पिळ्ळै यांनीं स्वदेशी आगबोट कंपनी काढली त्याच वर्षीं, मुंबईस इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी निघाली. पुढें ती 'माझी आगबोट कंपनी' या आपलेपणाच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. किनाऱ्यावरील हिंदु व ख्रिस्ती उतारूंची श्रद्धा ओळखून तिनें आपल्या बोटींस 'तुकाराम', 'रामदास', 'सेंट अँथनी', 'सेंट झेवियर' अशीं संतांचीं नांवें दिलीं. संतांच्या नांवाची बोट बुडणार नाहीं, असें भाविक मनास वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु समुद्र नांवें वाचीत नाहीं. १९२७ च्या नोव्हेंबरांत 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही बोटी एकाच दिवशीं बुडाल्या.

त्यानंतर वीस वर्षांनीं जें घडलें तें कोंकण अजून विसरलेलें नाहीं. 'रामदास' ही १९३६ सालीं इंग्लंडांत बांधलेली, सुमारें चारशें टनांची बोट. १७ जुलै १९४७, गुरुवार. दुसरे दिवशीं आषाढी अमावास्या. सणाकरितां रेवसमार्गें आपापल्या गांवीं निघालेल्या लोकांनीं ती सकाळीं मुंबईच्या धक्क्यावर खचून भरली. बंदराबाहेरचा दूरचा मार्ग पावसाळ्यांत बंद असला, तरी रेवसपर्यंतचा हा जवळचा पल्ला चालू असे. वाटेंत कासा खडकाजवळ वारा व लाटा यांनीं बोट एका अंगास कलली, घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूस धांवले, आणि पाहतां पाहतां ती पालथी होऊन बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबई अवघ्या कांहीं मैलांवर असूनही तिला दिवसाचा मोठा भाग उलटून जाईपर्यंत या प्रलयाची वार्ता नव्हती. जे वांचले ते पुष्कळसे रेवसकडच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या त्या खवळलेल्या पाण्यांत घालून ओढून काढले. स्वातंत्र्यास तेव्हां एकोणतीस दिवस उरले होते. देश उत्सवाच्या तयारींत होता, आणि कुलाबा जिल्ह्यांतील किती तरी घरें वाहून आलेलीं प्रेतें ओळखीत होतीं.

आतां नॉर्वेकडे वळूं. त्या देशाचा किनाराही डोंगरांनीं तोडलेला, वस्ती विरळ आणि लोक त्या काळीं गरीबच. ट्रोन्डहाइमहून उत्तरेकडील हॅमरफेस्टला पत्र पोंचण्यास उन्हाळ्यांत तीन आठवडे व हिवाळ्यांत पांच महिने लागत, असें तेथें सांगत. वर्षभर रात्रंदिवस चालणारी टपालबोट असावी असें तेथील सरकारास वाटलें. हिवाळ्याच्या काळोखांत खडकाळ किनाऱ्यावर बोट हांकण्यास बड्या कंपन्या धजेनात. तेव्हां रिचर्ड विथ या लहान कंपनीच्या चालकानें आपला वाटाड्या अँडर्स होल्टे याच्यासह किनाऱ्याच्या दिशा, वेळा व अंतरें यांचीं बारकाईनें टिपणें करून ठेवलीं होतीं; त्यांच्या बळावर त्यानें सरकारशीं करार केला. १८९३ च्या २ जुलैस 'वेस्टेरॉलन' ही त्याची पहिली बोट निघाली. या मार्गास 'हुर्टिगरूटन' म्हणतात. अर्थ साधाच, जलद मार्ग. आमच्या स्नेह्यांनीं ज्या यात्रेचें कौतुक केलें तिचें मूळ हें असें टपालाच्या पिशवींत आहे.

पुढें नॉर्वेंतही रस्ते झाले, बोगदे झाले, विमानतळ झाले. टपालबोटीची गरज संपली असें म्हणून ती मोडींत काढणें तेथेंही सोपें होतें. तसें केलें गेलें नाहीं. बेर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरें घेत जाणारा हा मार्ग आजही चालू आहे. सरकार त्यासाठीं करार करून पैसा देतें, आणि २०२१ पासून दोन कंपन्या तो वांटून चालवितात. वरच्या मजल्यावर परदेशी प्रवासी कांचेमागून फ्योर्ड पाहत असतो, आणि त्याच बोटींतून एखादा गांवकरी दोन बंदरें जाऊन उतरतो. खालीं माल असतो. मौजेचा पैसा गरजेच्या वाटेस आधार देतो आणि गरजेची वाट मौजेस अर्थ देते. तेथें सहल ही लोकांच्या बोटीवर मागाहून चढली; लोकांना उतरवून देऊन ती बसली नाहीं.

आमच्याकडे नेमकें उलट झालें. इंग्रजी अमलांत ही वाट मुख्यतः खासगी कंपन्यांच्या नफ्यातोट्यावर सोंपविलेली होती. डेकवरील गरीब उतारू हा नफ्याचा आधार, परंतु त्याच्यासाठीं धक्का बांधावा, निवारा करावा, बोटीवर बिनतारी यंत्र ठेवावें, हें कोणाच्याच अंगीं लागलें नाहीं. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली, आणि थोड्याच वर्षांत लाल गाडी कोंकणांतल्या वाड्यांपर्यंत पोंचली. नद्यांवर पूल झाले. ज्यानें लाटेंत लोंबकळत पडाव गांठला होता, त्यानें गाडीच्या धक्क्यांस हंसत पसंती दिली, यांत त्याचा काय दोष? खाड्यांत गाळ सांचत गेला. राजापूरसारखें एके काळचें मोठें बंदर तर त्यापूर्वींच गाळानें निकामी झालें होतें. बोटींची संख्या घटत गेली, आणि कोंकण रेल्वे पुरी होण्यापूर्वींच ही नियमित आगबोट बंद पडली. एस. टी. व रेल्वे हीं कोंकणास मिळालेलीं मोठीं वरदानें आहेत, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं नवी वाट करतांना जुनी सुधारण्याचा विचार फारसा झाला नाहीं. आणि जी वाट हालांतच सुरू राहून हालांतच संपली, तिच्या सौंदर्याची आठवण ठेवण्यास कोणी मागें राहिलें नाहीं.

अलीकडे समुद्राकडे पुन्हां लक्ष गेलें आहे. २०१८ सालीं 'आंग्रिया' नांवाची सहलीची बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, ती थोडाच काळ चालली. २०२१ पासून त्याहून पुष्कळ मोठ्या विलासी बोटी मुंबईहून निघूं लागल्या. यांत वाईट कांहीं नाहीं. मध्यमवर्गीय कुटुंबानें चार दिवस समुद्रावर काढावे, मुलांना तारे दाखवावे, हें आम्हांस मनापासून आवडतें. परंतु अशी बोट रात्रीच्या काळोखांत विजयदुर्गावरून, देवगडावरून, मालवणावरून न थांबतां निघून जाते. तिच्या दिव्यांचा झगमगाट किनाऱ्यावरचा कोळी पाहतो, आणि तिच्यावरच्या उतारूस तो कोळी दिसतही नाहीं. १९४७ सालीं ज्यांनीं आपल्या होड्या तुफानांत घातल्या त्यांच्या वंशजांस या नव्या समुद्रयात्रेंत जागा कोणती, हा प्रश्न विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. याच्या उलट, २०२० सालीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास माणसें व मोटारी दोन्ही नेणारी बोट सुरू झाली, तेव्हां आम्हांस अधिक समाधान वाटलें. ती लहान असेल, तिच्या प्रवासांत फ्योर्ड नसतील. पण जाण्याची गरज असलेल्या माणसास ती पलीकडे पोंचविते. धक्का आधीं, निवारा आधीं, बिनतारी यंत्र व तराफे आधीं, आणि नाचगाण्याचा दिवाणखाना मागाहून, हा क्रम राखला तर कोंकणच्या समुद्रावरही चौतीस बंदरांचा मार्ग अशक्य नाहीं.

हें सर्व जालन्यांत बसून लिहिण्याचा अधिकार आम्हांस काय, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं समुद्र हा केवळ किनाऱ्यावरच्या माणसाचा नसतो. जालन्याजवळ कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ सालीं झाली, ती समुद्रावरचा व्यापार येथपर्यंत ओढून आणण्याच्याच हेतूनें. माल समुद्रापर्यंत पोंचविण्यासाठीं आपण एवढी योजना करतों, तर माणसांसाठींही थोडी करावी.

त्या दिवशीं निघतांना आम्ही मालवणच्या आजींस विचारलें, "बोट लागायची, हाल व्हायचे, मग आठवण कशाची येते?" त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "पहांटे देवगड गेलं कीं वडील आम्हांला उठवायचे. समोर काळोखच असायचा, पण ते म्हणायचे, आतां किल्ला दिसेल. आणि थोड्या वेळानं दिसायचा." एवढें बोलून त्यांनीं नातवास फराळाचें ताट आंत नेण्यास सांगितलें.